बदललेलं इंजिन म्हणजे फसवणूक नव्हे





‘मूळ इंजिन नसेल तर जुन्या अमेरिकन गाडीला हातही लावू नये’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला सरसकट म्हणून पटत नाही.

१९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो झेड/२८ घ्या. तिच्या ३०२ घन इंचांच्या इंजिनावर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यातल्या सपाट पट्टीवर ‘डीझेड’ ही खूण आणि गाडीच्या क्रमांकाचा भाग ठोकलेला असतो. पण या गाड्या दामटण्यासाठीच घेतल्या जात, इंजिनं फुटतच. वॉरंटीत कंपनीनेच दिलेल्या बदली ब्लॉकवर ‘सीई’ असा शिक्का असे. त्याला खोटं कसं म्हणायचं?

खोटेपणा वेगळाच. पट्टी घासून हवे ते आकडे ठोकतात आणि भाव वाढवून मागतात. घासताना कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा पुसल्या जातात. त्या बॅटरीच्या तिरक्या उजेडात शोधाव्यात. ब्लॉकच्या ओतकामाची तारीखही वाचावी. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. असा ब्लॉक त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बनलेल्या गाडीचा मूळ असूच शकत नाही.

बदललेल्या इंजिनाची गाडी स्वस्तच मिळायला हवी, याबाबत दुमत नाही. मात्र विक्रेता तसं लेखी देत असेल आणि गाडी प्रदर्शनात मिरवायला नव्हे तर चालवायला हवी असेल, तर ती खुशाल घ्यावी.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी