संकेतस्थळ हवे, पण ते निघंटूसारखे

आपल्या त्रैमासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर आणावेत, अशी सूचना सभासद वैद्यांकडून वारंवार येते. सूचना स्वागतार्ह आहे. मात्र त्यासाठी कोणती संगणकप्रणाली घ्यावी हा विषय निघाला, की चर्चा मुखपृष्ठाची सजावट आणि वार्षिक खर्च यांपुढे जात नाही. आमच्या मते खरी कसोटी निराळी आहे. लेखात आलेले द्रव्य, व्याधी वा कल्प नेमका कोणता, हे ती प्रणाली निःसंदिग्धपणे नोंदवू शकते काय, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. 'अमृता' ही संज्ञा गुडूचीला लावतात, तशीच हरीतकीला आणि आमलकीलाही. ब्राह्मी म्हणून कोठे बकोपा मोनिएरी घेतात, तर कोठे सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. शंखपुष्पी आणि रास्ना यांबाबतचे प्रांतोप्रांतीचे मतभेद आपणांस परिचित आहेतच. वैद्य संदर्भावरून अर्थ लावतो. संगणकाला मात्र अक्षरे तेवढी दिसतात.

ओळखीच्या प्रश्नाचे गांभीर्य २०२१ साली सर्वांच्याच अनुभवास आले. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचा, मुंबईतील सहा रुग्णांवर आधारित अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. वापरलेल्या वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाशी साधर्म्य असणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या प्रजातींकडे लक्ष वेधले. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु 'गुळवेल' हा एकच शब्द लिहून भागत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. आपल्या जुन्या अंकांतील किती लेखांत वनस्पतीचे शास्त्रीय नाव दिलेले आहे, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

या अडचणीवरील संगणकशास्त्रातील उत्तर म्हणजे 'लिंक्ड डेटा', अर्थात परस्परांशी जोडलेली विदा. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली त्याचे चार नियम मांडले. प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता द्यावा. तो पत्ता महाजालावर उघडता यावा. उघडल्यावर प्रमाणित स्वरूपात माहिती मिळावी. आणि त्या माहितीतून इतर वस्तूंच्या पत्त्यांकडे दुवे जावेत. निघंटुकारांनी द्रव्याचे पर्याय, गुण आणि कर्म एकत्र बांधले, त्याच जातीची ही बांधणी आहे. लेखात गुळवेल, गुडूची वा छिन्नरुहा यांपैकी काहीही लिहिलेले असो, त्यामागील पत्ता एकच राहतो.

असे पत्ते आपणांस नव्याने निर्माण करावयाचे आहेत असेही नाही. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटामध्ये वनस्पतींच्या प्रजातींना स्वतंत्र क्रमांक आहेत. आयुष मंत्रालयाच्या २०१७ सालच्या 'नमस्ते' संकेतस्थळाने व्याधींच्या संज्ञांना सांकेतांक दिले. जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधिसंज्ञांचा आयसीडी-११ मधील विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रसृत केला आणि त्यातील नोंदींनाही स्वतःचे पत्ते आहेत. प्रमुख शोधयंत्रांनी २०११ पासून चालविलेल्या स्कीमा-डॉट-ऑर्ग या शब्दावलीत तर वैद्यकपद्धतींच्या यादीत आयुर्वेदाचे नाव आहे. दारे उघडी आहेत, त्यांतून आत जाणारी प्रणाली तेवढी निवडावयाची आहे.

येथे रुळलेल्या प्रणालींचा थोडक्यात विचार करू. अनुदिनीसाठी लोकप्रिय झालेली वर्डप्रेस प्रणाली सोपी आहे. परंतु लिंक्ड डेटाची सोय तिच्यात मुख्यतः पूरक जोडण्यांतून येते आणि त्या बहुधा हा लेख आहे, लेखक अमुक, दिनांक अमुक एवढेच शोधयंत्रास सांगतात. लेखात कोणते द्रव्य आहे, हे सांगण्याची व्यवस्था आपणांस वेगळी करावी लागेल. द्रुपलने २०११ च्या सातव्या आवृत्तीत ही सोय गाभ्यातच दिली होती, पण २०२२ च्या दहाव्या आवृत्तीत ती गाभ्यातून काढून स्वतंत्र जोडणी केली. म्हणजे आज असलेली सोय उद्या त्याच जागी राहील, याची शाश्वती नाही.

संग्रहालये व ग्रंथालये यांच्यासाठी घडविलेली ओमेका-एस ही विनामूल्य प्रणाली आम्हांस अधिक जवळची वाटते. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०१७ साली आली. तिच्यात प्रत्येक नोंदीस पत्ता असतो, डब्लिन कोअर ही ग्रंथसूचीची शब्दावली सोबतच मिळते आणि सर्व नोंदी जेसन-एलडी या प्रमाणित स्वरूपात बाहेर देता येतात. केवळ द्रव्यकोश करावयाचा असेल, तर विकिपीडियाच्या मूळ प्रणालीवर २००५ पासून उभे असलेले सिमँटिक मीडियाविकी विचारात घेण्यासारखे आहे.

बाहेर देता येणे, या मुद्द्यावर आम्ही विशेष भर देतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. पूर्वी एका व्यावसायिकाकडून आपले संकेतस्थळ करून घेतले होते. मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये होता. व्यवसाय बंद झाल्यावर आमच्या हाती आली ती पानांची चित्रे. त्यांत 'गुळवेल' हा शब्द शोधला असता एकही लेख सापडत नाही. ज्येष्ठ वैद्यांचे अनुभव त्या चित्रांत आहेत, पण कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत.

यावर काही सभासद म्हणतील, आपण चिकित्सक. हा उपद्व्याप आपला नव्हे. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. प्रणाली बसविणे हे तंत्रज्ञाचेच काम आहे. परंतु लेखातील रास्ना कोणती, हे तंत्रज्ञ सांगू शकत नाही. ते वैद्यासच सांगावे लागेल आणि ज्यांनी ते लेख लिहिले ते हयात असताना विचारून घ्यावे लागेल. जेथे निश्चिती नाही, तेथे 'अनिश्चित' असे नोंदविणे हेही शास्त्रास धरूनच होईल.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. जोडण्याची ही रीत द्रव्ये, व्याधी, ग्रंथ आणि लेख यांच्यासाठी आहे. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील तिच्यात येता कामा नये. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला हे खरे, पण वैद्याचे गोपनीयतेचे व्रत त्याहून पुष्कळ जुने आहे.

सारांश, कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक नोंदीस न बदलणारा पत्ता मिळतो काय? विकिडेटा वा आयसीडी-११ यांच्या पत्त्यांशी ती नोंद जोडता येते काय? मजकूर युनिकोडमध्ये आहे काय? आणि उद्या प्रणाली सोडावी लागल्यास सर्व विदा प्रमाणित स्वरूपात आपल्या हाती परत येते काय? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असूनही ती प्रणाली घेऊ नये.

प्रारंभ लहानच असावा. एका वर्षाचे चार अंक घ्यावेत, त्यांतील द्रव्यांची यादी करावी आणि द्रव्यगुणाच्या अध्यापकांकडून ती तपासून घ्यावी. त्या यादीस पैसा लागत नाही, प्रणालीही लागत नाही. ज्या सभासदांना या कामी वेळ देता येईल, त्यांनी संपादक मंडळास अवश्य कळवावे.