पडणारा ब्रेकर

लिहीन लिहीन म्हणता महिना गेला. आज मुद्दाम बसलोय, कारण सोसायटीच्या जनरेटरच्या निमित्ताने माझं एक ठाम (आणि थोडं लाजिरवाणं) मत झालंय.

मे महिन्यातली वळवाच्या पावसाची रात्र. लाईट गेले, जनरेटर सुरू झाला, लिफ्ट चालू, सगळे खूश. अर्ध्या तासाने पुन्हा अंधार. खाली जनरेटर मात्र धडधडतोच आहे! बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि वीज गेली की ते किंचाळायला लागतं. घरात लहान सिलिंडर असतो, पण तो लावेपर्यंत माझे हात कसे थरथरत होते ते माझं मला ठाऊक. (मावशी, फोन करू नकोस, बाबा आता मजेत आहेत.)

खाली धावलो तर ब्रेकरचा दांडा मधेच लटकलेला. वॉचमन तो वर ढकलतोय आणि तो काही राहत नाही. ट्रिप झालेला दांडा आधी पूर्ण खाली ओढायचा असतो, मगच वर बसतो, हे आम्हाला नंतर कळलं. त्या रात्री तो आणखी दोनदा पडला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा. "तो १०० अँपिअरचा ब्रेकर काढा आणि १६०चा बसवा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात उभे असलेले वायरमनकाका एवढंच म्हणाले, "साहेब, केबल आणि जनरेटर पण मोठा घेणार का?"

मी गप्प. आमचा जनरेटर ६२.५ केव्हीएचा. ४१५ व्होल्टला हिशोब केला तर प्रत्येक फेजला साधारण ८७ अँपिअर. १६०चा ब्रेकर लावला असता तर लोड जास्त झाला तरी तो ढिम्म बसून राहिला असता, आणि तापली असती केबल नाहीतर अल्टरनेटर.

मग काकांनी लिफ्ट, पंप सगळं जनरेटरवर घेतलं आणि टाँगटेस्टर लावला. तिन्ही फेज साठच्या आत! मग १००चा ब्रेकर पडतो कसा? अर्ध्या तासाने त्यांनी लांबूनच तापमान मोजायची बंदूक रोखली. दोन टर्मिनल कोमट, तिसरं शंभर अंशांच्या वर.

इंजिन बंद केलं, सिलेक्टर ऑफला टाकला, वर बॅटरीची वायरही काढली. आमचा जनरेटर लाईट गेले की आपोआप सुरू होतो. हात आत असताना सुरू झाला तर? टेस्टर लावून खात्री केली, मगच पॅनेल उघडलं. एका केबलचा लग सैल होता आणि त्यावरचं आवरण करपून तपकिरी झालं होतं.

ब्रेकरच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापली की वाकते आणि ब्रेकर पाडते. उष्णता जास्त करंटची की सैल जोडाची, हे तिला कळत नाही. तापलंय एवढंच कळतं, आणि ते खरंच होतं. खोटं कोणी बोलत असेल तर आमचं रजिस्टर. दर रविवारी जनरेटर दहा मिनिटं चालवायचा, तोही लोडशिवाय, आणि 'ओके' लिहायचं. लोडच नाही तर जोड तापणार कसा?

केबलचं करपलेलं टोक कापून नवा लग बसला. टर्मिनल भाजलेला ब्रेकरही बदलला. पण १००चाच.

तर माझं मत असं. महिन्यातून एकदा जनरेटर निदान अर्धा तास लोडवर चालवा. वर्षातून एकदा जाणकाराकडून सगळे जोड घट्ट करून घ्या. ब्रेकर पडला तर फार तर एकदा उचला. पुन्हा पडला तर आधी कारण शोधा.

माझं ऐकलं असतं तर त्या रात्रीनंतर लाईट गेलेच नसते आणि मी स्वतःची पाठ थोपटली असती. तो लग मात्र जिन्याखालच्या खोलीत गुपचूप तापत राहिला असता. आणि बाबा सातव्या मजल्यावर.

असो. तुमच्या सोसायटीचा जनरेटर लोडवर शेवटचा कधी तपासला होता? विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा.