तिच्या पाठीमागे कोण उभं आहे?

जुन्या जालन्यात आमच्या गटाची बैठक दर शनिवारी दुपारी भरते. बचतीचे हप्ते, रेशनकार्डाच्या अडचणी, कुणाच्या तरी सासरचं भांडण, असे नेहमीचे विषय असतात. सिनेमा हा काही आमचा विषय नव्हता. तो आमच्यात आणला अकरावीतल्या एका मुलीनं.

तिची आई आमच्या गटात आहे. घर दोन खोल्यांचं, टीव्ही दिवसभर चालू, म्हणून पोरगी संध्याकाळी अभ्यासिकेत जायची आणि आठच्या सुमारास परत यायची. एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून भुताचा सिनेमा पाहिला. सुरुवातीलाच एक मुलगी अंधाऱ्या रस्त्यानं एकटी चालली आहे, मागून पावलं वाजतात, एक किंकाळी, आणि मग पडद्यावर सिनेमाचं नाव. वडील म्हणाले, "पाह्यलं? म्हणून म्हणतो, दिवेलागणीच्या आत घरात पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिका बंद.

गल्लीत काहीही घडलं नव्हतं. घडलं होतं ते पडद्यावर. आईनं हे बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्यातल्याच निम्म्या बायका म्हणाल्या, "बापाचं काय चुकलं? काळजीपोटीच बोलला ना?" पोरगी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "ताई, पण दरवेळेस बाईच काहून एकटी असती?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण फार आधी विचारायला हवा होता. सिनेमातल्या बाईबद्दल आपण पुष्कळ बोललो. १९८० च्या दशकात अश्लील पोस्टरांना काळं फासलं. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ साली झाला, तेव्हा आपल्याला बरं वाटलं. पण आपली सगळी मोजदाद कपड्यांची होती. पदर किती ढळला, अंग किती दिसलं. कॅमेरा कुठे उभा आहे, हे आपण विचारलं नाही. माझं म्हणणं असं की भयपटात बाईचे कपडे हा दुय्यम मुद्दा आहे. तिच्याकडे आपल्याला कुणाच्या डोळ्यांनी पाहायला लावलं जातं, हा खरा मुद्दा आहे.

'हॅलोवीन' हा जॉन कारपेंटरचा १९७८ सालचा अमेरिकन सिनेमा घ्या. जगभर त्याची नक्कल झाली. त्याची सुरुवात सुमारे चार मिनिटं जवळजवळ सलग चालते, दृश्य तुटतच नाही. रात्रीच्या वेळी कॅमेरा एका घराबाहेर उभा आहे. खिडकीतून तो एका तरुण मुलीला तिच्या मित्राबरोबर पाहतो. मागच्या दारानं आत शिरतो. स्वयंपाकघरातला सुरा एक हात उचलतो. जिना चढल्यावर चेहऱ्यावर मुखवटा येतो आणि मग आपल्याला दोन भोकांतून दिसायला लागतं. कानाशी श्वास ऐकू येतो. मुलगी आरशापुढे केस विंचरत बसली आहे. सुरा चालतो. त्यानंतर कुठे मुखवटा निघतो आणि आपण पाहतो, तो तिचाच सहा वर्षांचा भाऊ आहे.

या चार मिनिटांत आपण कुठे होतो? खुर्चीत नव्हतो, त्या मुलीच्या बाजूलाही नव्हतो. आपण मुखवट्याच्या आत होतो. तो श्वास जणू आपलाच होता. मारणाऱ्याचा चेहरा आपल्यापासून लपवला आणि मरणारीचा मात्र अगदी जवळून दाखवला. त्या सिनेमाच्या निर्मितीत आणि लेखनात डेब्रा हिल ही बाई होती, आणि सुरुवातीला सुरा धरणारा तो हातही तिचाच वापरला होता. म्हणजे बाई कामाला असली की नजर आपोआप बदलते, असंही नाही.

ही तऱ्हा त्याच्याही आधीची आहे. हिचकॉकचा 'सायको' १९६० चा. न्हाणीघरातला खून सगळ्यांना आठवतो, पण त्याची सुरुवात भर दुपारी होते. पडद्यावर शहराचं नाव, वार, तारीख आणि वेळ येते, दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं. कॅमेरा शहरावरून सरकत एका हॉटेलच्या अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून खोलीत शिरतो. आत आतल्या कपड्यांतली बाई आणि तिचा प्रियकर. अजून कुणी कुणाला मारलेलं नाही, पण चोरून पाहायची सवय आपल्याला पहिल्या दोन मिनिटांतच लावली गेली. स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये (१९७५) रात्री समुद्रात पोहायला गेलेल्या मुलीकडे आपण पाण्याच्या तळातून पाहतो. शार्क दिसतच नाही. शार्कची जागा प्रेक्षकालाच दिलेली असते.

इंग्रजी सिनेमाचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. तर आपल्याकडे या. बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९ चा, कमाल अमरोहींचा. ओसाड हवेली, रात्र, नवा मालक येतो, माळी जुनी गोष्ट सांगतो, आणि कुठून तरी बाईच्या गाण्याचा आवाज येतो. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लता मंगेशकरांना खोलीच्या कोपऱ्यातून चालत मायक्रोफोनपर्यंत येत गायला लावलं होतं. सुरुवातीच्या तबकडीवर त्यांचं नावही नव्हतं, 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं. सगळा हिंदुस्थान ज्या आवाजानं शहारला, त्या आवाजाच्या बाईला नाव नाही. आणि सिनेमात तरी ते भूत कोण निघतं? माळ्याची मुलगी. हवेलीत राबणाऱ्या घरातली पोर मालकाला भूत म्हणूनच दिसू शकते, हे त्या सिनेमानं नकळत खरं सांगितलं.

पुढे रामसे बंधूंचे सिनेमे आले. 'पुराना मंदिर' (१९८४) आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी घाबरत घाबरत पाहिला आहे. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, सुरुवातीलाच राजकन्या सामरी नावाच्या सैतानाच्या तावडीत. सामरीचं मुंडकं उडवलं जातं आणि तो शाप देतो, या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आता पाहा, राजाशी वैर, राजानं दिलेली शिक्षा, आणि सूड कुणावर? बायकांवर. आमच्या भागात बाळंतपणात बाया मेल्या त्या शापानं नाही. वेळेवर गाडी मिळाली नाही, अंगात रक्त नव्हतं, म्हणून मेल्या. त्यांच्या मरणाच्या वेळी विजा कडाडल्या नाहीत, कुणी पार्श्वसंगीत वाजवलं नाही.

ही भीती कशी तयार होते हे समजावं म्हणून आम्ही एक प्रयोग केला. एका भयपटाची पहिली पाच मिनिटं तीनदा पाहिली. पहिल्यांदा नेहमीसारखी. दुसऱ्यांदा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज ऐकून. आवाज बंद होता तेव्हा बायका हसायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "ही नुसती जिना चढती, यात भ्यायचं काय?" डोळे मिटले तेव्हा मात्र त्याच मावशींनी शेजारणीचा हात धरला.

म्हणजे निम्मी भीती कानात असते. आधी दबका, एकसारखा घुमणारा सूर, जो संपतच नाही. मग तोही अचानक थांबतो आणि शांतता होते. मग दार करकरतं. मग मांजर उडी मारतं आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. त्याच क्षणी खरा घाव. दृश्य कधी तोडायचं हेही ठरलेलं असतं. वाट पाहायला लावायची असते तोवर कॅमेरा हलत नाही, तोडत नाही, कारण डोळे दुसरीकडे नेले की भीती सैल होते. हल्ला झाला की तुकड्यांवर तुकडे. 'सायको'मधला तो खून पाऊण मिनिटाचा, पण चित्रीकरणाला सात दिवस लागले. त्यात सुरा अंगात शिरताना दिसतो त्याहून जास्त आपल्याला वाटतो. बर्नार्ड हरमनच्या व्हायोलिनांनी तो आपल्या कानात खुपसलेला असतो.

हिचकॉक दचकणं आणि उत्कंठा यांत फरक करत असे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच माहीत नसताना तो फुटला तर आपण क्षणभर दचकतो. पण प्रेक्षकाला माहीत आहे आणि टेबलाशी बसलेल्यांना नाही, तर तो जीव मुठीत धरून बसतो. सगळी करामत एवढीच. आपल्याला माहीत आहे, तिला माहीत नाही.

हे वाचलं तेव्हा मला पडदा आठवला नाही, आमची गल्ली आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या घरात एक सून नांदत होती. दुपारी पुरुष माणूस जेवायला घरी आला की भांडी आदळायची. मग दार लागायचं. मग आतल्या टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. पाच-सहा घरांना तो आवाज ऐकू यायचा आणि त्याचा अर्थही कळायचा. आम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी आमच्या घरातल्या टीव्हीचा आवाज वाढवायची, कारण पोरं लहान होती. ती जगली, माहेरी गेली, एक कान कायमचा गेला. भर दुपार होती. घर तिचं होतं. हात तिच्या नवऱ्याचा होता. एकटी ती नव्हतीच, आम्ही सगळे होतो.

म्हणून मी म्हणते, हे सिनेमे भीती दाखवतात याचा मला राग नाही. ते भीतीचा पत्ता चुकीचा देतात याचा राग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रौर्याचा आहे, जवळजवळ एकतृतीयांश. बलात्काराच्या नोंदींत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी बाईच्या ओळखीचेच असतात. आणि आम्ही पोरीची अभ्यासिका बंद करून तिला कुठे पाठवतो? घरात. जिथे धोका जास्त, त्या जागेला सुरक्षित म्हणायचं आणि जिथे चार माणसं, चार दुकानं, दिवे आहेत, त्या रस्त्याला भुताटकी म्हणायचं.

मला कुणी विचारतं, "मग भयपट बघायचेच नाहीत का? बायकांनाही आवडतात की." आवडतात, मलाही आवडतात. खोट्या भीतीत किंचाळून मोकळं होण्यात गंमत आहे, आणि बाईला मोठ्यानं किंचाळायची मुभा दुसरीकडे मिळते कुठे? बंदी मला नको. आणि या प्रकारातूनही खरं सांगता येतं. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा २०१७ चा मराठी सिनेमा पाहा. उसाच्या फडातलं एकाकी घर, पोटुशी बाई. पण तिथली खरी भीती फडातल्या भुताची नाही, मुली जन्मूच न देणाऱ्या घराची आहे. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्या नाहीशा झाल्या तेव्हा कुठेही किंकाळी ऐकू आली नाही. सोनोग्राफीच्या खोलीत दिवे लखलखीत असतात.

तेव्हा गटागटांतून हे करून पाहा. मुलींना बोलवा, जमलं तर त्यांच्या भावांना आणि बापांनाही. कुठल्याही भयपटाची पहिली पाच मिनिटं लावा. एकदा आवाजासह, एकदा आवाजाशिवाय. मग तीन प्रश्न विचारा. कॅमेरा कुणाच्या जागी उभा आहे? ज्याचा चेहरा लपवलाय तो कोण, आणि का लपवलाय? आपल्याला जे माहीत आहे ते तिला कोण सांगणार? पहिल्या दोन प्रश्नांनी सिनेमा कळतो. तिसऱ्यानं आपली गल्ली कळते. घरातल्या क्रौर्याला ४९८अ हे कलम १९८३ पासून होतं, आता भारतीय न्याय संहितेत ८५ वं आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे. पण कलमांना कान नसतात. आवाज ऐकून दार वाजवायचं काम शेजाऱ्यालाच करावं लागतं.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही बैठकीला बोलावलं. ते आले, दाराशी उभे राहिले, आवाज बंद केलेला सिनेमा पाहिला. हसले नाहीत, पटलं असंही म्हणाले नाहीत. आता पोरगी आठवड्यातून तीन दिवस अभ्यासिकेत जाते, दोन मैत्रिणींबरोबर. उरलेल्या तीन दिवसांसाठी आमचं भांडण चालू आहे. आणि समोरच्या घरात आता दुसरे भाडेकरू आले आहेत. दुपारी कुणाच्याही घरातला टीव्ही एकाएकी मोठा झाला, तर मी आमचा बंद करते आणि दारात जाऊन उभी राहते.