चौदा दिवसांचे पाणी

आषाढ लागला की आमच्या टपालात तक्रारींची पत्रे वाढतात, हा नेहमीचा अनुभव आहे. परंतु यंदा परतूर, मंठा, भोकरदन आणि घनसावंगी या तालुक्यांतून आलेली पत्रे एकत्र वाचली असता जे ध्यानात आले, ते हंगामी कुरकुर म्हणून बाजूस सारण्याजोगे खचित नाही. वैशाखात वास्तुशांत झालेली घरे आणि मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसातच त्यांच्या भिंतींना फुटलेली ओल, नव्या गिलाव्यावर केसासारख्या चिरांचे जाळे, पुट्टीचे पोपडे, स्लॅब आणि कठडा यांच्या सांध्यातून उतरलेले ओघळ, असे वर्णन जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. सिमेंट जुने होते काय, वाळूत माती होती काय, सळईचे अंतर चुकले काय, असे नाना प्रश्न पत्रलेखकांनी विचारले आहेत. पाणी किती दिवस मारले, हे मात्र एकानेही लिहिलेले नाही.

त्यांतील मंठ्याकडचे एक घरकुल आम्ही स्वतः जाऊन पाहिले. वास्तुशांतीचे आंब्याचे तोरण चौकटीवर वाळून तसेच होते, आणि घरच्या माउलीने धान्याची कोठी भिंतीपासून हातभर पुढे ओढून तिच्याखाली विटा लावल्या होत्या. आम्ही रुपयाच्या नाण्याने गिलावा ठोकीत गेलो, तेव्हा खिडकीखालचा दोन हात रुंदीचा पट्टा पोकळ वाजला. काँक्रीटचा खांब आणि विटांचे बांधकाम जेथे मिळते तेथे कोंबडजाळी मारलेली नव्हती, म्हणून चीर ओळंबा धरल्यासारखी सरळ वरपर्यंत गेली होती. मालकाला विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, तीन दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी प्यायलाच नव्हतं, भिंतीला कुठून घालायचं?”

या उत्तरावर आम्हांपाशी प्रत्युत्तर नव्हते. भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचे दहा दिवस अखंड ओले ठेवावयाचे असते, आणि हवा उष्ण व कोरडी असेल तर हीच मुदत अनुक्रमे दहा आणि चौदा दिवसांची होते, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. घरकुलावर येणारे पोते बहुधा पीपीसीचे, म्हणजे मिश्र सिमेंटचे असते, आणि फाल्गुन-चैत्रातील जालना जिल्ह्याची हवा उष्ण व कोरडी नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. म्हणजे मुदत चौदा दिवसांची. पंचवीस चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी करून पाच सेंटीमीटर पाणी उभे करावयाचे तर 1250 लिटर लागते, आणि उन्हाने दिवसाला एकच सेंटीमीटर उडते असे धरले तरी दररोज 250 लिटरांची भर घालावी लागते, म्हणजे चौदा दिवसांत एका स्लॅबला साडेचार हजार लिटर. विटांचे बांधकाम, खांब आणि गिलावा यांचे पाणी निराळेच. टंचाईच्या गावात टँकरने माणशी दिवसाला 20 लिटर पाणी मोजले जाते, हे लक्षात घेतले तर स्लॅबवरची रोजची भर म्हणजे बारा माणसांचे पाणी होय. ज्या बाईने डोक्यावर हंडा वाहून आणला, तिने तो स्लॅबवर ओतला नाही, तर दोष तिच्याकडे जात नाही.

दोष आहे तो तारखांचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला 1,20,000 रुपयांचे मूळ अनुदान मिळते, हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे सुटतात, आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह दप्तरी रुजू व्हावे लागते. हेतू स्तुत्य आहे. परंतु छायाचित्रात स्लॅब दिसते, ती किती दिवस ओली राहिली हे दिसत नाही. रंग दिसतो, त्यामागचा गिलावा मुरला की नाही हे दिसत नाही. लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले, त्याचे आम्ही याच स्तंभातून स्वागत केले होते. पण आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही अंदाजपत्रकात पाण्याचे स्वतंत्र कलम नाही. विहिरी भरलेल्या असतात त्या मार्गशीर्ष-पौषात मंजुरीचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो, आणि विहिरींनी तळ गाठल्यावर 31 मार्चच्या आत काम पूर्ण दाखविण्याचा तगादा सुरू होतो. जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ पाहिला, 2012-13 चा पाहिला. इथल्या पाण्याचा ऋतू कोणता, हे अधिकाऱ्यांनी कोणा लाभार्थ्यास विचारावयाची आवश्यकता नाही. पहिला हप्ता दसऱ्याच्या आत हाती द्यावा आणि पूर्णत्वाच्या छायाचित्राबरोबर स्लॅब व गिलावा यांच्या तारखा व पाण्याचे दिवस अभियंत्याच्या सहीने नोंदवावे, एवढे दोन फेरफार केले तर तिजोरीवर एका पैशाचा भार पडणार नाही.

अधिकाऱ्यांना बोल लावून आम्हांस स्वतःची सुटका मात्र करून घेता येणार नाही. मजुरीच्या करारात ‘पाणी मालकाचे’ असे दोन शब्द घालून दुसऱ्या दिवशी घमेली-पाट्यांसह पुढच्या गावी निघून जाणारे कंत्राटदार आपल्यातच आहेत. गिलाव्याच्या तिसऱ्या दिवशी पुट्टी ओढणारे रंगारी आपल्यातच आहेत. आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठून देतो असे वचन देऊन गिलाव्याचे सात दिवस त्या वचनात बुडविणारे मिस्त्रीही आपल्यातच आहेत. मुहूर्त सांगणे गुरुजींचे काम असेल, पण घर राहण्यास योग्य झाले की नाही हे सांगणे आपले काम आहे, आणि ते न सांगता किल्ली हाती देणे ही त्या कुटुंबाची फसवणूक आहे, मग मजुरी कितीही वाजवी घेतलेली असो.

पाणी थोडे असेल तर थोड्या पाण्याची रीत आहे. स्लॅबवर ओले गोणपाट अंथरून त्यावर प्लॅस्टिकचा कागद विटांनी दाबून ठेवला, तर बाष्पीभवन पुष्कळ अंशी थांबते आणि भर फार थोडी घालावी लागते. खांबांनाही तसेच गुंडाळता येते. जालना तालुक्यातील कडवंचीने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर कोरड्या वर्षांतही द्राक्षबागा जगविल्या. अशा गावांत बांधकामास शेततळ्याचे पाणी मागून पाहण्यास हरकत नाही, मात्र ते खारे नाही याची खातरी आधी करून घ्यावी.

सर्व गवंडी, कंत्राटदार आणि अभियंता बंधूंना आमची विनंती आहे की दिवाळीनंतर हाती घेतलेल्या प्रत्येक घराच्या दर्शनी खांबावर स्लॅबची तारीख आणि तिच्याखाली पाणी थांबविण्याची तारीख कोळशाने ठळक लिहावी, आणि ती दुसरी तारीख उलटेपर्यंत गिलाव्याचा माल कालवू नये. ज्यांच्याकडे यंदाच्या कामांच्या नोंदी असतील त्यांनी सिमेंटचा प्रकार, पाण्याचे दिवस, टँकरचा खर्च आणि पावसाळ्यात आढळलेले दोष पोस्टकार्डावर लिहून या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवावे. त्यांचा गोषवारा पुढील अंकात छापून जिल्ह्याच्या घरकुल कक्षास आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत.