बॅग संपली म्हणजे पेरणी बरोबर झाली?

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की लातूर-नांदेडच्या शिवारात एकच धांदल उडते. औसा, निलंगा, अहमदपूर असो की लोहा, कंधार, मुखेड, भाड्याचे ट्रॅक्टर या बांधावरून त्या बांधावर पळत असतात. अशा वेळी पेरणीयंत्र नक्की किती सोयाबीन टाकते ते काट्यावर तपासू या, असे कुणी म्हटले तर उत्तर ठरलेले असते : "त्यात काय बघायचं? एकराला एक बॅग बसते. बॅग संपली की झालं."

हे उत्तर चुकीचे आहे. पेरणीच्या खर्चाइतकेच ते महागात पडते, म्हणून त्याचा समाचार नीट घ्यायला हवा.

बॅग संपणे ही फक्त बेरीज झाली. पाच फणांच्या यंत्राची एक नळी ओल्या मातीने तुंबली, तर त्या फणाचे प्रत्येक तास रिकामे जाते. एकराचे चाळीस गुंठे धरले तर आठ गुंठ्यांत दाणाच पडत नाही. पेटीत बी उरतेय असे दिसले की चालक खटका थोडा वाढवतो आणि ३० किलोची बॅग एकरात बरोबर संपते. प्रत्येक नळीतून ६ किलो पडायचे ते चार नळ्यांतून साडेसात-साडेसात किलो पडलेले असते. हिशेब जुळला, पेरणी मात्र बिघडली. चार तासांत दाटी होऊन झाडे उंच आणि लुकडी होतात, पाचवे तास तणाला मोकळे मिळते. एकरी ८ क्विंटल उतारा धरला तर आठ गुंठ्यांचे दीड क्विंटलहून जास्त सोयाबीन जाते. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते साडेआठ हजारांच्या घरात जाते. शेजारच्या तासांनी फांद्या पसरून त्यातले काही भरून काढले, तरी उरलेला तोटा काट्यासाठी घालवलेल्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुसरा दावा जरा वजनदार वाटतो. आपल्या बायाबापड्यांनी जन्मभर चाड्यावर मूठ धरली, त्यांनी कधी वजनकाटा आणला होता? नव्हता आणला, हे खरे. पण तिफणीमागची बाई दर पावलाला तपासणीच करत असे. चाडे तिच्या हाताखाली. नळी तुंबली की बी चाड्यातच साचते, आणि ते तिच्या बोटांना त्याच क्षणी कळते. ती हाळी देते, बैल थांबतात, काडीने नळी मोकळी होते, तिफण पुढे जाते. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाची पाठ यंत्राकडे असते, इंजिनाचा आवाज असतो, आणि पेटीचे झाकण बंद असते. जुन्या पद्धतीतली मूठ गेली, तिच्याबरोबर ती तपासणीही गेली. तिच्या जागी दुसरी काही आणायची नाही, असे म्हणणाऱ्याला जुन्या बायांच्या कसबाचा दाखला देण्याचा अधिकार उरत नाही.

"कंपनीने यंत्र सेट करूनच दिलंय," हा तिसरा युक्तिवाद. पेटीवरच्या पट्टीचा आकडा खोटा नसतो, पण तो एका ठराविक बियाण्यासाठी असतो. पेटीतला खाचांचा रोलर बी मोजतो ते आकारमानाने, वजनाने नव्हे. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन वाणाप्रमाणे आणि त्या वर्षीच्या पावसाप्रमाणे १० ते १४ ग्रॅमपर्यंत फिरते. ३० किलो बियाण्यात १२ ग्रॅमच्या दाण्याने अडीच लाख दाणे बसतात, १० ग्रॅमच्या दाण्याने तीन लाख, आणि १४ ग्रॅमच्या टपोऱ्या दाण्याने जेमतेम सव्वादोन लाखांच्या आत. ४५ सेंटिमीटरवर तास आणि ५ सेंटिमीटरवर रोप या शिफारशीने एकरी पावणेदोन लाखांच्या आसपास झाडे हवीत. ७० टक्के उगवणीचे, १२ ग्रॅमचे बी ३० किलो पडले तर गणित नेमके जुळते. दाणा बदलला की ते मोडते. शिवाय बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम चोळले, ते सावलीत पुरते सुकले नाही, तर ओलसर दाणे एकमेकांना धरतात आणि तोच रोलर तेवढ्याच फेऱ्यांत कमी बी सोडतो. पट्टीवरचा आकडा जागचा हललेला नसतो.

आकारमानाने मोजणाऱ्या यंत्राला वजनाने तपासायचे, ही शिस्त जगात इतरत्र जीव वाचवण्यासाठी पाळली जाते. अमेरिकेत नेमबाजीचे हौशी लोक वापरलेली काडतुसे घरीच पुन्हा भरतात. त्यांच्या प्रेसवर दांडा एकदा ओढला की तबकडी फिरते आणि प्रत्येक काडतूस एक घर पुढे सरकते; एका घरात दारू पडते, पुढच्या घरात गोळी बसते. दारूही तिथे आकारमानानेच पडते. पिस्तुलाच्या काडतुसात ती ग्रॅमचा तिसरा हिस्सा इतकीच असू शकते. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या काळातल्या ऐसपैस मापाचे. आजच्या दारूचे दुप्पट माप त्यात पडले तरी ते तोंडापर्यंत येत नाही. बंदूक मात्र फुटू शकते. माप पडलेच नाही तर गोळी नळीत अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळते. म्हणून जाणता माणूस सुरुवातीची मापे तराजूवर तोलतो, काम चालू असताना अधूनमधून एक काढून पुन्हा तोलतो, आणि गोळी बसण्याआधी प्रत्येक काडतुसात डोकावतो. दारूची पातळी चुकली तर इशारा देणारे एक वेगळे घरच काही प्रेसवर असते. शंभर मापांची सरासरी बरोबर आली म्हणून तिथे कुणी निर्धास्त होत नाही, कारण फुटते ते एकच काडतूस.

शेतात जीव जात नाही, हंगाम जातो. तो पुन्हा येत नाही.

आता मंडनाची बाजू. ही तपासणी अवघड नाही आणि तिला पैसेही लागत नाहीत. समजा पाच फणांचे यंत्र आहे, दोन फणांत ४५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे पेरणीची रुंदी सव्वादोन मीटर. यंत्र चालवणाऱ्या चाकाचा घेर टेपने मोजला, तो दीड मीटर भरला. हे चाक जमिनीपासून उचलून हाताने २० फेरे फिरवले की ३० मीटर चालल्यासारखे झाले आणि साडेसदुसष्ट चौरस मीटर, म्हणजे एकराचा साठावा भाग पेरला गेला. ३० किलोचा साठावा भाग ५०० ग्रॅम. पाच नळ्यांना पाच पिशव्या बांधायच्या आणि प्रत्येक पिशवी वेगळी तोलायची. प्रत्येकीत १०० ग्रॅमच्या आसपास बी हवे. एकीत १२० आणि एकीत ७० भरले, तर बेरीज कितीही सुरेख येवो, ते यंत्र शेतात न्यायचे नाही. आधी तो रोलर, ती नळी पाहायची. स्वयंपाकघरातला किंवा दुकानदाराचा डिजिटल काटा यासाठी पुरतो.

यावर चौथा आक्षेप येतो आणि तो मात्र खोडता येत नाही : बांधावर उभे यंत्र आणि वावरातले यंत्र सारखे वागत नाही. काळ्या चिकट मातीत चाक घसरते, तेवढ्या अंतरात बी पडत नाही. चाकाला चिखल लागला की घेरही वाढतो. म्हणूनच पहिल्या फेरीनंतर ट्रॅक्टर थांबवून प्रत्येक तासाचा एकेक मीटर उकरून दाणे मोजावेत. वरच्या प्रमाणात मीटरला सुमारे २८ दाणे निघतात. ते तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेले नाहीत ना, हेही तेव्हाच दिसते. खोल गेलेले सोयाबीन चांगले असूनही वर येत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. वाफसा थांबत नाही आणि ट्रॅक्टरवाल्याची दहा जण वाट पाहत असतात, ही अडचण खरी आहे. पण चाक उचलून करायची चाचणी पावसानंतरच करावी असे कुठे आहे? ती मेअखेर अंगणात होते. गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण पाहण्याची सवय गावोगाव रुजते आहे. त्याच दिवशी तेच बी यंत्रातून काढून पाहिले की काम झाले.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. बियाणे निकृष्ट असेल तर कंपनीला सोडता कामा नये. पण तालुक्याची समिती पाहणीला वावरात येते तेव्हा पेरणीची खोली आणि ओल यांचा प्रश्न हमखास निघतो. त्या वेळी पावती, बॅग आणि टॅगच्या जोडीला पाच पिशव्यांची वजने लिहिलेला कागद असला, तर दोष पेरणीवर ढकलणे सोपे राहत नाही.

म्हणून लातूर-नांदेडच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांनी उगवण चाचणीच्या प्रात्यक्षिकात पेरणीयंत्राची चाचणीही धरावी, आणि ट्रॅक्टरवाल्यांना त्या दिवशी यंत्रासह बोलवावे. शेतकऱ्यानेही यंत्र आपल्या वावरात उतरण्याआधी पाच पिशव्या आणि एक काटा तयार ठेवावा. एकराचे भाडे तो मोजून देतो, बीही मोजूनच पडले पाहिजे असा आग्रह त्याने धरावा.