कीचकाचे मरण आणि एलियनची राणी

बाबुराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाला आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीमाच्या हातून कीचक मरतो ते दृश्य प्रेक्षकांच्या इतके अंगावर आले की पुढे ते चित्रपटातून काढून टाकावे लागले. पडद्यावरच्या भीतीचा मराठी इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

महाभारतातली ही कथा कोणालाच नवी नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले होते. त्यातल्या कीचकात लोकांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे शेवट ठाऊक, पात्रे ठाऊक, आडून सुचवलेला अर्थही ठाऊक. तरीही प्रेक्षक हादरले, कारण जे आजवर कीर्तनात ऐकले आणि नाटकात संवादांतून अनुभवले, ते आता डोळ्यांसमोर घडत होते. झुंजारराव पवारांचा कीचक आणि बाळासाहेब यादवांचा भीम हे खरोखर ताकदीचे गडी होते. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी पडद्यावर येण्याचे धाडस केले, तेही बायकांनी सिनेमात काम करणे लाजिरवाणे मानले जात असताना.

या परिणामामागे कारखान्यातले काम होते. मेस्त्री घराण्यातले बाबुराव आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे नामांकित चित्रकार. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर दोघांना सिनेमाचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबुरावांनी पुढे विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पाठीशी उभ्या राहिल्या. रंगवलेल्या सपाट पडद्यापुढे नट उभे करायचे, ही रीत मोडून बाबुरावांनी खोली असलेले सेट उभारले. ‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही, हे कोल्हापूरचेच नव्हे तर साऱ्या भारतीय सिनेमाचे मोठे नुकसान आहे.

बाबुरावांच्या हाताखाली शिकलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णींच्या साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. १९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’ पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून, आणि रंगीत प्रतींसाठी थेट जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत. धाडस मोठे होते, पण त्या चित्रपटाचे नाव आज निघते ते रंगाच्या प्रयोगापुरते. जुनी कथा पुन्हा सांगताना तंत्र नवे असले तरी भीतीचे कारण नवे सापडतेच असे नाही. जगभरच्या चित्रपटांच्या दुसऱ्या भागांची अडचण नेमकी हीच आहे.

ती अडचण पार करणारा चित्रपट म्हणून जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’कडे बोट दाखवता येते. १९७९ च्या रिडली स्कॉटच्या ‘एलियन’मध्ये एक यान, सात माणसे आणि अंधारात दडलेला एक प्राणी होता. १९८६ च्या दुसऱ्या भागात प्राण्यांची झुंडच आली, पण नुसती संख्या वाढवून कॅमेरॉन थांबला नाही. नायिका रिप्ली ५७ वर्षांच्या झोपेतून जागी होते आणि तिच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. चित्रपटाच्या लांबवलेल्या आवृत्तीत तिला कळते की तिची मुलगी म्हातारी होऊन वारली आहे. उद्ध्वस्त वसाहतीत न्यूट ही एकटी वाचलेली पोर तिला भेटते आणि तिथून तिचे भय दुसऱ्यासाठीचे होते. शस्त्रसज्ज सैनिक न समजलेल्या शत्रूपुढे कोलमडतात, यात कॅमेरॉनने व्हिएतनाम युद्ध डोळ्यांसमोर ठेवले होते. कर्झनचा कीचक झाला तसाच हा प्रकार. फरक मात्र महत्त्वाचा आहे: सैरंध्रीला, म्हणजे द्रौपदीला, भीमाकडे जावे लागते, रिप्ली स्वतः लढायला उतरते.

चित्रीकरण इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत आणि लंडनमधल्या ॲक्टन लेनच्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात झाले. खर्च सुमारे १८५ लाख डॉलर, म्हणजे अशा पसाऱ्याला बेताचाच. यानातल्या झोपेच्या पेट्या मोजक्याच बांधल्या आणि आरसा लावून त्यांची रांग लांबवली. स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी घडवलेली एलियनची राणी सुमारे १४ फूट उंच होती. क्रेनला टांगलेल्या त्या धुडात दोन माणसे बसून चार हात हलवत, पाय बाहेरून दांड्यांनी चालवले जात, मान आणि जबडा हायड्रॉलिक यंत्रणेने व तारांनी. प्रकाश इतकाच ठेवला की यातले काही दिसू नये. रिप्ली ज्या यंत्रात शिरून राणीशी झुंजते, त्यात सिगर्नी वीव्हरच्या पाठीमागे एक स्टंटमन दडलेला असे आणि यंत्राचे अवजड हातपाय तोच हलवी. संगणकावर प्राणी काढण्याचे दिवस अजून यायचे होते.

‘एलियन्स’ला ऑस्करची सात नामांकने मिळाली. दृश्य परिणाम आणि ध्वनिपरिणाम संकलन हे दोन पुरस्कार हाती आले. वीव्हरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, हे विज्ञानपटाच्या वाट्याला क्वचितच येणारे यश. पुरस्कार तिला मिळायलाच हवा होता.

१९९२ च्या तिसऱ्या भागाने न्यूटला सुरुवातीलाच मारून टाकले आणि दुसऱ्या भागाने कमावलेले नाते पहिल्या काही मिनिटांत फुंकून टाकले. मालिका त्यानंतर अनेक वर्षे चाचपडत राहिली. २०२४ च्या ‘एलियन: रोम्युलस’साठी दिग्दर्शक फेडे अल्वारेझने हाताने घडवलेल्या प्राण्यांवर पुन्हा भर दिला. त्या कामासाठी बोलावलेल्यांत शेन माहान आणि ॲलेक गिलिस होते. हे दोघे १९८६ मध्ये स्टॅन विन्स्टनच्या हाताखाली ‘एलियन्स’वर राबले होते.