पाणंदीतली मोटारसायकल आणि पुढचा एक दाता



दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल पाणंदीच्या चढावर पहिल्या गिअरमध्येही धापा टाकते आणि चालवणारा अर्धा क्लच धरून तिला वर रेटतो, हे आपल्याकडे रोजचेच. अशाने क्लचप्लेटा जळतात. माझ्या ओळखीच्या एका दूधवाल्याने एका पावसाळ्यात दोनदा प्लेटा बदलल्या आणि दोन्ही वेळा गाडीला शिव्या दिल्या. गाडी बिचारी डांबरी सडकेच्या हिशेबाने बांधलेली!

चेन ज्या दोन दातेरी चाकांवर फिरते ती स्प्रॉकेटे. समजा, पुढे १४ दाते व मागे ४२ आहेत. म्हणजे पुढचे तीनदा फिरते तेव्हा मागचे एकदा. पुढे १३ दात्यांचे बसवले की हा हिशेब सव्वातीनच्या जवळ जातो आणि ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते. मागे ४५ दात्यांचे बसवूनही जवळपास तेच साधते, पण त्याला बहुधा लांब चेन लागते. म्हणून पुढचाच एक दाता कमी करा. दोन नकोत, लहान चाकावर चेन जास्त वाकते, लवकर झिजते.

ही ओढ फुकट मिळत नाही. पूर्वी ६० च्या वेगाला इंजिन जेवढे फिरे, तेवढे आता ५५-५६ लाच फिरेल. डांबरीवर पेट्रोलही थोडे जास्त जाईल. ज्यांचे जाणे-येणे बहुतेक पक्क्या सडकेने आहे, त्यांनी या भानगडीत पडूच नये. आणि काळ्या रानातला चिखल टायर व मडगार्डमध्ये गच्च बसला, तर कोणताही गिअर कामाचा नाही. तिथे काठीच लागते.

ओढ वाढली म्हणून आणखी एक किटली लावण्याचा मोह होईल. तो आवरा. ब्रेक जुनेच आहेत आणि चढानंतर उतार येतोच.

झिजलेली चेन नवे दाते खाते, तेव्हा चेन व दोन्ही स्प्रॉकेटे एकदमच बदला. चेनचा ताण गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच ठेवा. तेल देताना इंजिन बंद, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचे. चालू इंजिनावर चेनला फडके लावले, तर फडक्याबरोबर बोटेही आत ओढली जातात. काम झाल्यावर चेनकव्हर पुन्हा घट्ट बसवून घ्या. मागे बसणाऱ्या घरच्या बाईचा पदर तिथून चार बोटांवरच असतो.